न दुखणारा पाय

रविवारी सकाळी फिल्टरवाल्याच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेला जवळपास प्रत्येक जण पायासाठीच आला होता. कुणाचे तळवे जळत होते, कुणाची टाच फुटली होती, कुणाची जखम महिनोन्महिने भरत नव्हती. सोफा भरला, खुर्च्या भरल्या, मग लोक गालिच्यावर दाटीवाटीने बसले. स्वयंपाकघराच्या दारावरचा जाड पडदा ओढलेला होता. सगळ्यांच्या नजरा समोरच्या भिंतीशी ठेवलेल्या काचेच्या टाकीवर होत्या.

टाकी उंचीला जेमतेम गुडघ्याएवढी, पण पलंगासारखी लांबरुंद. तळाला वाळू, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी नळी, वर निळसर दिवा. आत एकच मासा. पाकट जातीचा, बशीएवढा, चपटा, तपकिरी पाठीवर नारिंगी ठिपके आणि मागे चाबकासारखी शेपटी. त्या शेपटीवर काटा असतो आणि काट्यात विष असतं. एरवी असा मासा वाळूत पडून राहिला तर कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. पण हा पडून नव्हता. पुढच्या काचेला पोट लावून तो वर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. त्याच्या पांढऱ्या पोटावर सगळ्यांना एक चेहरा दिसत होता. दोन बारके डोळे आणि खाली हसरं तोंड.

"हसतोय बघा," सोफ्यावरची एक बाई कुजबुजली.

"तुम्हाला बघून हसतोय, वहिनी," फिल्टरवाला म्हणाला. "सगळ्यांना नाही हसत तो. परवा एक शंकेखोर आला होता, तर दिवसभर वाळूत तोंड खुपसून बसला."

हा गृहस्थ पूर्वी दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकायचा. आता त्याला दादा म्हणत. धंदा बदलला होता, बोलणं तेच राहिलं होतं.

"मी आयुष्यभर पाणी गाळलं," तो सांगत होता. "आता पाणी माणसं गाळतंय. विज्ञान काय म्हणतं? हा मासा विषारी आहे म्हणतं. मी कुठे नाही म्हणतो? विष आहेच. प्रश्न एवढाच, की ते कुणाला चढतं आणि कुणाला नाही. सांगा हो पैलवान, तुमचं काय झालं ते."

पैलवान म्हणजे नाक्यावरच्या व्यायामशाळेत शिकवणारा आडदांड तरुण. गेल्या महिन्यात तो या प्रकाराचा भंडाफोड करायला म्हणून आला होता. आता तो खाली मान घालून उभा राहिला आणि पंजा सगळ्यांना दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी काळपट व्रण होता.

"मी म्हटलं, मासाच तो, काय करणार? हात घातला आणि दाबून धरला."

"मग?"

"मग काय, आई आठवली."

लोक हसले. फिल्टरवालाही हसला, जरा जास्त वेळ.

"दंडापर्यंत कळ गेली. या इथे गालिच्यावर लोळत होतो. शेवटी दादांनी थर्मासमधलं पाणी ओतलं हातावर, काहीतरी पुटपुटले, तेव्हा कुठे उतरलं."

"बसा," फिल्टरवाला म्हणाला. "एवढं कमावलेलं शरीर, पण आत काही नाही. आता बघू या, आत असलेला कोण आहे."

त्याची बायको पाण्याचे पेले घेऊन आली. लोक येताना ती बाहेर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून हसतमुखाने प्रत्येकाचं स्वागत करायची, आणि सगळे बसले की पाणी द्यायची. पहिला पेला तिने खिडकीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला दिला. फिल्टरवाल्याने डोळे मिटले.

"इथे एक माणूस आहे," तो सावकाश म्हणाला, "त्याची चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही. आजही निसटलीय. जिन्यात पडलीय. काका, तुम्ही... खिडकीजवळचे."

शिंप्याने पायाकडे पाहिलं, मग दाराकडे. चपला दाराबाहेर काढल्या तेव्हा एकच होती का दोन, हे त्याला आठवेना. कुणीतरी उठून खाली गेलं आणि जिन्याच्या वळणावरून तपकिरी चप्पल उचलून घेऊन आलं.

"माझीच आहे," शिंपी म्हणाला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने हात जोडले.

शिंप्याला साखरेचा जुना आजार होता. शिलाई मशीनच्या पायट्यावर आपला पाय आहे की नाही, हे अलीकडे त्याला खाली वाकून बघावं लागे. शिवण वाकडी जाऊ लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज तळवे तपासा, अनवाणी फिरू नका, खरचटलं तरी दाखवा. शिंप्याला ते अपमानाचं वाटलं होतं. आयुष्यभर लोकांच्या अंगाची मापं घेणाऱ्याने आता रोज स्वतःचे तळवे बघत बसायचं, हे काही त्याला झेपलं नव्हतं. आणि इथे एक माणूस डोळे मिटून त्याच्या पायाबद्दल बोलत होता, तेही आदराने.

त्याला टाकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. फिल्टरवाल्याने काचेची एक लांब कांडी घेतली, काचेवर चढणाऱ्या माशाला हळूहळू खाली ढकललं आणि शिंप्याचा पाय त्याच्यावर टेकवला. "मासा आता ओळख करून घेतोय," तो म्हणाला. मासा ओळख करून घेत नव्हता. कांडी आणि टाच यांच्यामध्ये तो चेंगरला जात होता. त्याने अंग वळवून पाहिलं, वाट मिळाली नाही, तेव्हा शेपटी उचलली आणि मारली.

पाण्यात लाल दोऱ्यासारखं काहीतरी उलगडत गेलं.

शिंपी दात आवळून वाट बघत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कधी मारणार?"

"मारला, काका."

"मला तर काहीच झालं नाही."

मग जो गलका झाला, तो थांबायला वेळ लागला. शिंप्याची बायको रडू लागली. पैलवान स्वतःच्या पंज्याकडे बघत राहिला. मासा तोच होता, काटाही तोच. ज्या विषाने त्याच्यासारखा गडी लोळला, त्याने या वाळक्या म्हाताऱ्याला गुदगुल्याही केल्या नव्हत्या.

फिल्टरवाल्याने ओल्या पायावर नवाकोरा पांढरा मोजा चढवला. "पुढच्या रविवारपर्यंत काढायचा नाही. कृपा आत मुरायला वेळ लागतो, हवा लागली की गेली. आणि तोवर डॉक्टरच्या गोळ्या नकोत. दोन औषधं भांडतात."

गरम पाण्याचा थर्मास टीपॉयवर भरलेला होता. त्याला या वेळी कुणी हात लावला नाही. ज्याला दुखतच नाही, त्याला गरम पाणी कशाला?

शिंप्याची लेक शाळेत विज्ञान शिकवायची आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. शनिवारी दुपारी ती आली तेव्हा दुकानातलं सगळं सामान रस्त्यावर आलं होतं. कापडाचे गठ्ठे, इस्त्रीचं टेबल, चिंध्यांची पोती. आई केरसुणी घेऊन कपाटामागे वाकली होती.

"उंदीर मेलाय कुठेतरी," आई म्हणाली. "कालपासून शोधतेय. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून माप देतंय."

"बाबा कुठे आहेत?"

"मशीनवर. त्यांना म्हटलं उठा, मशीन सरकवू, तर म्हणतात, मशीनखाली काही नाही."

बाबांचे डोळे चकचकीत दिसत होते आणि गाल लाल. त्यांनी हसून तिला बस म्हटलं. ती बसली नाही. उंदीर शोधायला म्हणून ती मशीनखाली वाकली आणि तशीच थबकली. वास जिथून येत होता तिथे पांढरा मोजा होता. त्याच्या बाहेरच्या बाजूला पिवळसर, ओलसर डाग पसरला होता.

"आई, उंदीर नाहीये," ती म्हणाली.

मग तिला सगळं सांगण्यात आलं. आई सांगत होती, बाबा मध्येमध्ये दुरुस्ती करत होते. चप्पल, जिना, पैलवान, काटा, "कधी मारणार?". ती ऐकत होती आणि हात मोज्याकडे नेत होती. बाबांनी पाय आखडून घेतला.

"उद्यापर्यंत नाही."

"बाबा, तुम्हाला ताप आहे."

"ते शरीर स्वच्छ होतंय. दादा म्हणाले होते, ताप येईल."

"फिल्टर विकणाऱ्याला काय कळतं तापातलं?"

"तू शाळेत शिकव," आई म्हणाली. "घरात शिकवू नकोस. तुझ्या डॉक्टरने काय दिलं इतकी वर्षं? गोळ्या. आणि भीती. हा पाय जाईल, तो पाय जाईल. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की यांचा पाय चांगला आहे."

"चांगला आहे तर वास कशाचा येतोय?"

आईने केरसुणी आपटली. "मोज्याला हात लावलास तर या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

लेक तडक डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा. ती म्हणाली, ते उचलून आणल्याशिवाय येणार नाहीत आणि उचलू द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली. मग त्यांनी तिला एक गोष्ट शिकवली. टोचायचं नाही, ओरबाडायचं नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि पायाच्या बोटाला नुसतं बोट लावायचं. कळलं की बोला, म्हणायचं. "साखरेने नसा मेलेल्या असल्या तर बोलणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "खिळा घुसला तरी नाही बोलणार. आणि पाकटाच्या विषावर पहिला उपाय म्हणजे सोसेल इतकं गरम पाणी. तेही लगेच. ते यांना कुणी दिलं नसणार."

ती परत गेली. हातापाया पडून झालं, भांडून झालं. शेवटी बाबा म्हणाले, "उद्या दादांच्या हाताने मोजा निघू दे. मग तू म्हणशील तिथे येतो."

"आजच चला."

"एका रात्रीने काय होतंय?" आई म्हणाली.

एका रात्रीने काय होतं, ते नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा सांगून उपयोग नव्हता.

रविवारी लेक आईबाबांबरोबर फिल्टरवाल्याच्या जिन्याने वर चढत होती. पुढे एक सुतार होता, थोराड, पाय फेंगडे टाकणारा. वळणावर त्याची डावी चप्पल पायरीवर राहिली आणि तो तसाच पुढे गेला. लेक ती उचलायला वाकली.

"राहू द्या हो, ताई," वरून आवाज आला. फिल्टरवाल्याची बायको दारात उभी होती. "माझं लक्ष आहे."

खरंच होतं. आत सगळे बसल्यावर ती पेले घेऊन आली आणि पहिला पेला तिने सुताराला दिला. फिल्टरवाल्याने डोळे मिटले. "इथे एक माणूस आहे," त्याने सुरू केलं, "त्याची चप्पल..."

"जिन्याच्या वळणावर आहे," लेक म्हणाली. "डावी."

फिल्टरवाल्याने डोळे उघडले. लोकांनी माना वळवल्या.

"तुम्हालाही दिसलं?" त्याने गोड आवाजात विचारलं. "वा. कृपा कुणावर होईल सांगता येत नाही."

"मला दिसलं, कारण मी जिन्यात होते. तुमच्या बाईंनाही दिसलं. त्यांनी पहिला पेला त्यांना दिला आणि तुम्ही डोळे मिटलेत. माझ्या बाबांच्या वेळीही पहिला पेला बाबांनाच होता, आई म्हणाली."

"पाणी पहिल्यांदा कुणाला तरी द्यावंच लागतं, ताई."

दोनतीन जण हसले. आईने लेकीच्या हाताला चिमटा काढला.

"बरोबर आहे," लेक म्हणाली. "मग एकच शंका विचारते. माशाने बाबांच्या उजव्या पायाला काटा मारला. डाव्याला नाही. हो ना?"

"उजव्याला."

"म्हणजे कृपा उजव्या पायावर आहे. डाव्या पायाला काही लागलं तर बाबांना कळेल."

फिल्टरवाला इतकी वर्षं दारोदार फिरला होता. पुढे खड्डा आहे हे त्याला लगेच समजलं. "कृपा ही काय मलमपट्टी आहे, एका जागी चिकटायला? ती सर्वांगात पसरते."

"मग बघू या." ती बाबांच्या पायाशी बसली. "बाबा, डोळे मिटा. मी नुसतं बोट लावणार आहे. कळलं की बोला."

"लाव की."

तिने डाव्या पायाच्या करंगळीला बोट लावलं. मग अंगठ्याला. मग अंगठा दोन बोटांत धरला आणि हलकेच ओढला. सगळी खोली बघत होती. बाबा शांतपणे, डोळे मिटून, ताठ बसले होते.

"अगं सुरू कर ना," ते म्हणाले. "किती वेळ लावतेस?"

कुणीच हसलं नाही. आईने तोंडावर पदर धरला.

लेकीने मग त्यांच्या हाताच्या करंगळीला बोट टेकवलं. "कळलं," ते ताबडतोब म्हणाले. "हाताला लावलंस. पायाचं म्हणाली होतीस ना?"

"सर्वांगात पसरलेली कृपा मनगटाशीच अडली वाटतं," पैलवान म्हणाला. महिनाभर त्याच्यावर हसलेल्या लोकांकडे तो आता एकेक करून बघत होता.

"पैलवान, तुमचा हात धुतला तेव्हा थर्मासमधलं पाणी कसं होतं?" लेकीने विचारलं.

"कडकडीत. तेच तर बरं वाटलं."

"तुम्ही आलात तेव्हा थर्मास भरलेला होता?"

"टीपॉयवरच होता." तो थांबला. "आधीपासून होता."

"मंत्राने नाही उतरलं. या विषाला गरम पाणी लागतं. मासा तुम्हाला काटा मारणार, हे यांना आधीच ठाऊक होतं. उतरवायचं कसं तेही. माझ्या बाबांवर मात्र ते पाणी ओतलं नाही. कारण ते ओरडले नाहीत."

"अहो, शिंपीकाका आमच्या कृपेत आहेत," फिल्टरवाल्याचा आवाज चढला. "म्हणून सहन झालं त्यांना. तुम्ही माशाचा स्पर्श झालेल्या माणसावर प्रयोग करताय, ताई. पवित्र झालेल्या..."

"मग न झालेल्यावर करू. काका, तुम्हाला मासा कधी शिवलाय?"

सुतार गोंधळला. "नाही बाई. आज पहिल्यांदाच आलोय."

"डोळे मिटाल?"

सुताराने डोळे मिटले. तिने त्याच्या दोन्ही पायांच्या बोटांना बोट लावलं. मग पैलवानाला खूण केली. पैलवानाने सुताराची दोन्ही पावलं पंज्यांत धरून दाबली.

"कधी लावणार?" सुताराने विचारलं.

कुणीतरी हुंदका दिला. कुठे ते कळलं नाही, कारण खोलीतली निम्मी माणसं आपापले पाय चाचपत होती.

"ज्याची चप्पल निसटलेली त्याला कळत नाही, तोच इथे निवडला जातो," लेक म्हणाली. तिचा आवाज वर्गात असावा तसा होता, ना मोठा ना लहान. "कारण त्याचा पाय आधीच मेलेला असतो. मासा चमत्कार करत नाही. मासा काटा मारतो. चमत्कार तुमच्या आजाराने केलाय, आणि श्रेय यांनी घेतलंय."

"हिला बाहेर काढा," फिल्टरवाला म्हणाला. "शाळेतली बाई, चार पुस्तकं वाचून आली. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मला आतून कळलं."

"माझ्याकडून कळलं," पडद्यामागून एक म्हातारा आवाज आला.

पडदा हलला, अडकला, मग दांडीसकट खाली आला. चाकाच्या खुर्चीत एक आजी बसली होती. मांडीवर निवडायला घेतलेली भाजी होती. एक पाऊल खुर्चीच्या पट्टीवर होतं. दुसऱ्या जागी पट्टी रिकामी होती.

"आई, आत जा," फिल्टरवाल्याची बायको म्हणाली.

"आतच असते गं. आज जरा बाहेर येते." आजीने लोकांकडे पाहिलं. "मी याची सासू. दातांच्या डॉक्टरने हा मासा आम्हाला फुकट दिला. त्याच्या दवाखान्यातल्या टाकीतले बाकीचे मासे याने खाल्ले म्हणून. गेल्या उन्हाळ्यात मी टाकीत पाय सोडून बसायचे. पाणी गार, बरं वाटायचं. एक दिवस पाणी लाल झालं. जावई म्हणाला, आई, काटा मारला, तुम्हाला कळलं नाही? मी म्हटलं, नाही बाबा. तर तो माझ्याकडे बघतच राहिला. किती वेळ बघत होता. मला वाटलं, माझी काळजी वाटतेय."

फिल्टरवाला खाली पडलेला पडदा उचलू लागला.

"पाय कापायला नेलं तेव्हा हा आला नव्हता. नवी, बुटकी टाकी घ्यायला गेला होता. ही."

लेकीने तोवर बाबांचा मोजा कात्रीने उभा कापला होता. शिंप्याच्याच खिशातल्या कात्रीने. कापड निघालं तसं पुढच्या रांगेतले लोक उठून मागे सरकले आणि एक जण खिडकीकडे धावला. पावलाची बाहेरची कड काळी पडली होती. शिंप्याने वाकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाकडे बघत असावा तसं बघत होता.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

दोघांनी त्याला उचललं. कुणीतरी खाली गाडी बघायला गेलं. पैलवानाने काचेची कांडी उचलली होती आणि तो टाकीकडे निघाला होता. "आधी हा मासाच मारतो."

"त्याने काय केलं रे तुझं?" आजी म्हणाली. "तुम्ही सगळे त्याच्या अंगावर पाय देताय. त्याला आधी खायला घाला. रविवार आला की उपाशी ठेवतात त्याला. हसत नाहीये तो. भीक मागतोय. फ्रीजमध्ये कोळंबी आहे बघ."

पैलवानाने कोळंबीचे तुकडे टाकले. मासा काचेवरून सटकन उतरला, तुकड्यांवर पसरला, खाऊ लागला. मग तळाशी फिरून वाळूत बसला आणि अंगावर वाळू उडवून घेतली. काचेवर आता कुणाचाही चेहरा नव्हता. वाळूत दोन खरे डोळे तेवढे दिसत होते, पाठीवर, जिथे ते पाकटाला असतात. पोटावर लोक जे डोळे बघत होते, त्या नाकपुड्या होत्या.

"एवढंच?" सोफ्यावरची बाई म्हणाली.

एवढंच होतं. लोक निघाले. दारात प्रत्येक जण खाली बघून चप्पल घालत होता आणि घातल्यावर पुन्हा खाली बघत होता.

शिंप्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शनिवारी आणला असता तर कदाचित दोन बोटांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते आईच्या समोर म्हणाले. ते म्हणायला नको होतं की हवं होतं, यावर लेक आणि डॉक्टर यांचं आजही एकमत नाही. आईने त्यानंतर दवाखान्यात एकच प्रश्न विचारला. अजून एक आठवडा मोजा ठेवला असता, तर पाय वाचला असता का? लेक बाहेर जाऊन उभी राहिली.

फिल्टरवाल्यावर गुन्हा दाखल झाला. आजीच्या पायानंतर आणि शिंप्याच्या आधी आणखी तिघांनी टाकीत पाय घातला होता, हे चौकशीत कळलं. त्यातला एक वारला होता. मी कुणालाही दुखवलं नाही, त्यांनाच विचारा, असं फिल्टरवाल्याने लिहून दिलं. मासा दातांच्या डॉक्टरांकडे परत गेला.

शिंप्याने मशीनला मोटार बसवून घेतली आणि पायटा डाव्या बाजूला सरकवला. शिवण पुन्हा सरळ येते, कारण तो आता पायाच्या भरवशावर राहत नाही, सगळा वेळ बघतो. दुकानात एक नवी पद्धत सुरू झाली आहे. चाळिशीपुढचं गिऱ्हाईक पँटीचं माप द्यायला आलं की शिंपी त्याला स्टुलावर बसवतो आणि बूट काढायला लावतो.

"काका, पँट शिवायची आहे, बूट नाही," लोक म्हणतात.

"डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा हो. मी पायाला बोट लावतो. कळलं की बोला."

बहुतेक जण लगेच बोलतात, काही तर गुदगुल्या झाल्या म्हणून पाय ओढून घेतात. त्यांची मापं घेऊन तो त्यांना वाटेला लावतो. कधीतरी एखादा डोळे मिटून शांत बसून राहतो. शिंपी एक बोट तपासतो, दुसरं तपासतो, मग पाचही. तेव्हा तो टेप गळ्यात अडकवतो, भिंतीला टेकवलेली कुबडी घेतो आणि त्या माणसाच्या समोर, जिथून आपली रिकामी पँट दिसेल असा, उभा राहतो.

"डोळे उघडा," तो म्हणतो. "आणि इथून थेट डॉक्टरकडे जा. पँटचं नंतर बघू. वाटेत कुणी म्हणालं की तुमचा पाय चांगला आहे, तर त्याला म्हणावं, आधी तुझा घाल पाण्यात."

"पण मला तर काहीच दुखत नाहीये."

"तेच सांगतोय," शिंपी म्हणतो.